शिबिराहून परतलेला बसड्रायव्हर

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक बसड्रायव्हर आणि त्याची बायको उभी होती.

“आठवडाभर त्या मानसोपचार शिबिरात केलंत तरी काय?”

“रडलो. मग रिकाम्या खुर्चीला बस समजून तिच्याशी तासभर बोललो.”

“माझ्याशी बोलताना बरी दातखीळ बसते.”

“खुर्ची मध्येच तोंड घालत नव्हती.”

“असू दे. अपघातानंतर तुम्ही एकाही बसमध्ये पाय ठेवला नाहीत. आज चढाल ना?”

“बघू.”

“आली बघा. हात द्या. अगंबाई, किती घट्ट धरताय.”

“धरू दे. सोडू नकोस.”

चढला. आम्हीही मागोमाग चढलो. बस हलली.

“आता कसं वाटतंय?”

“अहो ड्रायव्हरसाहेब,” त्यानं पुढे हाक मारली, “क्लचवरचा पाय काढा. झोपलाय का त्याच्यावर?”

“कंडक्टर, दोन तिकिटं द्या. आमचे हे बरे झाले. आता तुम्ही सगळे सोसा.”