लेबल काढलेली बाटली

हॅलो?… हो आत्या, चैतालीच. बोल.

शुक्रवारी? शुक्रवारी बाबा अगदी नेहमीसारखे होते गं. सकाळी मांडी घालून बसले, पूर्ण बुद्धवंदना म्हटली. मग ठेचा-भाकरी. मग पंख्याला तेल घालत मला म्हणाले, तुझी पुस्तकं धूळ खातायत… हो, मांडी घालून! कॅन्सर कंबरेच्या हाडात उतरल्यावरसुद्धा… शनिवारी पहाटे गेले. झोपेतच.

कुठली बाटली?… तुला कसं कळलं?… बरं, सांगते. भांगेचं औषध होतं.

आत्या… अगं, ऐक ना. ऐक तर! टपरीवरून नाही आणलं. आपल्या पांडेसऱ्यातल्या दवाखान्यातल्या प्रमिलाबाई, आयुर्वेदाच्या डॉक्टर. त्यांनीच चिठ्ठी लिहून दिली. थेंब मोजून. दर आठवड्याला जिना चढून यायच्या, चक्कर येते का, जेवण जातं का विचारायच्या… नाही, दुखणं गेलं नाही. पण बसता यायचं, झोप लागायची. त्या बाईंचे उपकार आहेत आपल्यावर.

हो, पंचशील माहीत आहे मला, नशा करायची नाही. जन्मात तंबाखूला हात लावला नाही त्यांनी. म्हणूनच तर… प्रमिलाबाई म्हणाल्या, त्यांना सांगूनच द्यायचं. मी म्हटलं, मी सांगते. आणि घरी येऊन बाटलीचं लेबल भिजवून काढलं. शक्तीचं औषध आहे म्हटलं… हो, एवढी शिकलेली असून.

हसतेस काय?… काय?… परत सांग.

हो, मिलच्या रंगखात्यात तीस वर्षं… हो गं, त्यांचाच नियम. लेबल नसलेला डबा उघडायचा नाही. घरातल्या मिठाच्या बरणीवरही चिठ्ठी असायची… मग?… बाबांनी प्रमिलाबाईंना फोन केला? पहिल्याच दिवशी?… आणि त्या मला काहीच… बाबांनीच नको म्हटलं?

तुला काय म्हणाले?… 'नशा नाही, औषध आहे'… हं… 'वंदनेला बसता येतंय'… हो, बसायचे… 'पोरीला विचारू नकोस'… आवाज तुटतोय आत्या… 'ती सांगेल तेव्हा सांगेल.' असं म्हणाले?

…नाही, रडत नाही. रविवारी बाबांच्या जलदानविधीला लवकर ये… हॅलो?… आत्या?… हॅलो?

कट झाला.

…बाबा, त्या बाटलीत भांग होती. लेबल मी काढलं होतं.

तरी माझ्या हातून घेतलंत.