राहिलेले पाच किलो

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या गोदामाच्या व्यवस्थापक बाई. मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, वाहतूकदार संघटनेचे सचिव. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना पगारपत्रक सोडलं तर कुणीच नावानं ओळखत नाही ते आमचे काटेवाले. तिसऱ्या रांगेत बसलेली त्यांची भाची. कार्यालयातले माझे सहकारी, हमाल बांधव आणि फाटकाबाहेर गाड्या लावून आत आलेले सगळे चालक, तुम्हा सर्वांना नमस्कार.

मला बोलायला उभं करण्यात व्यवस्थापक बाईंनी धोका पत्करलाय. मी माल रवाना करण्याच्या टेबलावर बसते. माझं बोलणं म्हणजे "गाडी पुढे घे", "पावती दे", "भांडू नकोस". गोड बोलण्याची सवय या नोकरीनं लागू दिली नाही. पण वजनकाट्याची केबिन आणि माझी खिडकी समोरासमोर. इतकी वर्षं मी या माणसाला काचेतून पाहत आले. तेव्हा म्हटलं, बोलायचं तर मीच बोलते.

पाहुण्यांना आमच्या कामाची कल्पना असेलच, पण नातेवाईक मंडळींसाठी सांगते. गाडी रिकामी येते, काट्यावर चढते, तिचं वजन होतं. मग सिमेंटच्या गोण्या भरतात, पुन्हा काट्यावर. दोन्हींमधला फरक म्हणजे माल. प्रत्येक गाडीनं किती वजन वाहायचं ते ठरलेलं असतं, त्याला आम्ही पासिंग म्हणतो. त्याच्यावर एक गोणी गेली तरी काटेवाले गाडी सोडायचे नाहीत. चालक हातापाया पडायचे, "दोनच गोण्या हो, जाऊ द्या!" आणि हे केबिनच्या खिडकीतून शांतपणे सांगायचे, "गोणीशी माझं भांडण नाही रे. पुढच्या खेपेला ने."

हसताय तुम्ही. तुमच्यातल्या कितीजणांच्या गोण्या उतरवल्यात त्यांनी, मला पाठ आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती सांगायला भाचीनं परवानगी दिली आहे. बाळा, चुकलं तर मध्येच थांबव.

काटेवाले खाण्याचे शौकीन. शौकीन हा सभ्य शब्द झाला. कोपऱ्यावरच्या बेकरीत क्रीमचा केक ताजा निघाला की तो पहिला कुठे जातो हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. गरम तळलेल्या बटाट्याच्या कापांवर मीठ भुरभुरून कागदाचा पुडा मांडीवर घ्यायचा आणि एका हातानं गाड्या पुढे घ्यायच्या. केबिनमधली खुर्ची दोनदा बदलावी लागली. दुसऱ्या खेपेला भांडार विभागानं विचारलं होतं, "खुर्ची पाठवू की बाक?"

आणि मग त्यांच्या ताईची मूत्रपिंडं निकामी झाली.

ताई म्हणजे मोठी बहीण. आई लवकर गेल्यावर हिनंच यांना वाढवलेलं. बावन्न वर्षांच्या भावाला ती फोनवर "ढब्बू" म्हणायची, आणि काचेच्या या बाजूला मला ते ऐकू यायचं. हा आजार त्यांच्याकडे घरातूनच आलेला, पण काटेवाले त्यातून सुटले होते. तपासण्या झाल्या, रक्त जुळलं, सगळं जुळलं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "तुमचं मूत्रपिंड घेता येईल, पण या वजनावर तुमच्यावर शस्त्रक्रिया करणार नाही. आधी पंधरा किलो उतरवा."

त्यांनी काय केलं असेल? जे आपण सगळे करतो तेच. दुसऱ्या दिवसापासून सगळं बंद. डब्यात उकडलेला कोबी, आणि संध्याकाळी परत तोच कोबी. आठवडाभरात माणूस असा झाला की भरलेल्या गाडीची रिकामी म्हणून नोंद आणि रिकामीची भरलेली. एक चालक सिमेंटची पावती घेऊन रिकामी गाडी थेट गिऱ्हाइकाच्या दारात उभी करून आला! हयातीत पहिली चूक. मी तरातरा केबिनमध्ये गेले, तर हे भिंतीला डोकं टेकून बसलेले. म्हणाले, "बाई, आकडे हलतायत."

त्याच दिवशी त्यांना रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. मीच नेलं, कारण एकटे गेले असते तर वाटेत बेकरी होती. त्या बाई तरुण, पण सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "उपास करून वजन उतरतं आणि दुप्पट परत येतं. तुम्हाला दिवसाला इतक्या कॅलरी. त्यात काय बसवायचं ते तुम्ही ठरवा. केक बंद नाही. पण केक खाल्लात तर तेवढी जागा दुसरीकडून रिकामी करा."

काटेवाल्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "म्हणजे पासिंग!"

बाईंना काही कळलं नाही. मला कळलं.

तिथून त्यांचा हिशेब सुरू झाला. केक हवाय, तर सकाळच्या पावाला लोणी नाही. बटाट्याची कापं हवीत, तर मूठभर, आणि रात्री भाज्यांचं सूप. रोज सगळं मिळायचं नाही, पण कायमचं असं काहीच सुटायचं नाही. जेवण झाल्यावर गोदामाच्या कुंपणाच्या कडेनं चालायचे, आणि चालताना स्वतःशीच पुटपुटायचे, "गोणीशी भांडण नाही, पुढच्या खेपेला."

पण मंडळी, आवडीचं थोडं खाऊन थांबणं हे सांगायला सोपं आहे. अर्धा केक समोर ठेवून अर्ध्यावर कोण थांबतं? मी तरी थांबत नाही. ते कसे थांबायचे हे मला बरेच दिवस कोडं होतं.

त्याचं उत्तर ताईच्या फोनमध्ये होतं. मूत्रपिंडाच्या आजारात काय काय बंद होतं हे ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा. मीठ बंद. बटाटा बंद, केळं बंद, टोमॅटो बंद, चॉकलेट बंद. पाणीसुद्धा मोजून. ताई तर यांच्यापेक्षाही खवय्यी होती! तर भावानं कोबी धरलाय हे कळल्यावर ती फोनवर कडाडली, "ढब्बू, मला खाता येत नाही ते पुरे नाही का? तूही सोडलंस तर मी कुणाचं ऐकू?"

आणि मग रोज चहाच्या सुट्टीत फोन. हे एक घास तोंडात टाकायचे आणि तिला सांगायचे. "बाहेरून कुरकुरीत आहे, ताई. आत मऊ. थांब, मीठ आता लागलं." पलीकडून ती विचारायची, "कडेला जळलाय का? मला जळका आवडायचा." पुन्हा एक इवलासा तुकडा. बोटाएवढा केक अख्ख्या सुट्टीला पुरायचा, कारण प्रत्येक घासाचं वर्णन द्यावं लागायचं. इतक्या सावकाश खाल्लं की थोडंही पोटभर होतं, हे त्या आहारतज्ज्ञ बाईंनी नंतर समजावलं. पण यांचं पोट त्यानं भरत नव्हतं. पलीकडची हसली की यांचं भरायचं.

बाहेरच्यांना हे कुठे माहीत? "बहीण तिकडे मरणाच्या दारात आणि हा इकडे केक खातोय," असं बोललं गेलं. त्यांच्या कानावरही गेलं. ते चहाच्या सुट्टीला फोन लावतच राहिले.

वजन उतरत होतं. सावकाश, पण उतरत होतं. एक गंमत सांगते. गाड्यांचा आमचा काटा दहा किलोच्या खालचं ओळखतच नाही. तरी हे दर सोमवारी सकाळी त्या एवढ्या मोठ्या लोखंडी फळीवर एकटे जाऊन उभे राहायचे आणि मी केबिनमध्ये जाऊन आकडा बघायचा. महिनोन्‌महिने तोच आकडा. मी मान हलवायची, ते उतरायचे. आणि एका सोमवारी आकडा दहानं खाली आला! मी खिडकीतून ओरडले. रांगेतल्या चालकांना काय झालं ते कळायच्या आत कुणीतरी हॉर्न वाजवला, मग सगळ्यांनी वाजवला. आजूबाजूच्या दुकानांतले लोक अपघात झाला म्हणून धावत आले. तो हॉर्न वाजवणारे आज इथे बसलेत, त्यांनी हात वर करायला हरकत नाही.

काटेवाले मात्र फळीवरून उतरून एवढंच म्हणाले, "अजून पाच राहिले, बाई."

ते पाच राहिलेच.

ताईला फुप्फुसात संसर्ग झाला. शुक्रवारी फोनवर ती नेहमीसारखी बोलली होती, थोडी दमलेली. पुढच्या आठवड्यात चहाच्या सुट्टीला केबिनमध्ये काटेवाले नुसते बसलेले दिसले. समोर काही नव्हतं.

आता जे सांगते ते अशा समारंभात सांगू नये, हे मला कळतं. पण ते न सांगता यांच्याबद्दल बोलणं म्हणजे अर्धी पावती देणं. महिनाभरानं त्यांनी मला विचारलं, "बाई, केक पूर्ण सोडला असता तर ते पाच किलो वेळेत गेले असते का?" मी त्यांना पुन्हा त्या आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. वाटलं, शिकलेली माणसं आहेत, काहीतरी धीर देतील. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "कदाचित गेले असते. कदाचित तुम्ही अशक्त होऊन पडला असता आणि शस्त्रक्रियाच झाली नसती. मला माहीत नाही. माहीत आहे असं सांगितलं तर ते खोटं होईल."

मला त्यांचा राग आला होता तेव्हा. आज येत नाही. त्या प्रश्नाला उत्तरच नाही आणि काटेवाले तो प्रश्न घेऊनच आज निवृत्त होतायत. आपण देतोय ती शाल, ते घड्याळ, त्यानं हे ओझं हलकं होणार नाही. मला याचं वाईट वाटतं आणि मी ते लपवत नाही.

भाचीनं मात्र एकदा मला सांगितलं, आणि ते मी सगळ्यांसमोर बोलून दाखवावं असं तिनंच सुचवलं. ती म्हणाली, "मावशी, आईला दिवसभर नुसता पथ्याचा धाक असायचा. हे नको, ते नको, पाणी किती झालं. मामाचा फोन आला की ती उशी पाठीशी लावून उठून बसायची. त्या वर्षात ती खाण्याच्या नावानं तेवढंच हसली. मामानं कोबी खाल्ला असता तर तेही गेलं असतं." हे तिनं मामालाही सांगितलंय. मामानं ऐकून घेतलं. पटलं की नाही ते मला माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई गेली, मग तरी माणसानं सुखानं खावं. आम्हीही तेच म्हणत होतो. बेकरीवाले काका तर केकची अख्खी पेटी घेऊन आले होते. हे आपला बोटाएवढा तुकडा घेणार, सावकाश खाणार आणि पेटी हमालांत वाटून टाकणार. राहिलेले पाच किलोही उतरवले. त्यानंतर इतकी वर्षं झाली, वजन तिथल्या तिथे. आम्हाला वाटायचं, दुःखानं जेवण तुटलंय. एकजण तर तोंडावरच म्हणाला, "काटेवाले, आता कुणासाठी?"

त्याचं उत्तर मला गेल्या महिन्यात कळलं, भाचीकडून. घरातला तो आजार तिच्याकडेही आलाय. आज ती ठणठणीत आहे, बघा, हसतेय. कदाचित आयुष्यभर काही होणार नाही. झालंच तर कधी होईल ते कुणी सांगू शकत नाही. तिच्या पहिल्या तपासणीचा निकाल आला त्या दिवसापासून हा माणूस दर सहा महिन्यांनी रुग्णालयात जातो, स्वतःच्या तपासण्या करून घेतो आणि विचारतो, "माझं अजून चालेल ना?" डॉक्टर म्हणतात, "वय वाढतंय, पण तब्येत आणि वजन असंच ठेवलंत तर विचार करू." तेवढ्यावर ते घरी येतात. उद्यापासून ते भाचीच्या घराशेजारी राहायला जातायत.

म्हणून, मंडळी, तुम्हाला एक विनंती करते आणि माझं बोलणं संपवते. थोड्या वेळानं जेवणं होतील. निरोपाचं जेवण आहे, प्रत्येकजण प्रेमानं यांच्या पानाकडे धावणार, "आजच्या दिवस घ्या हो" म्हणणार. ते सगळं खातील, आवडीनं खातील, थोडं थोडं खातील आणि मग पानावर हात आडवा धरतील. त्या वेळी कृपा करून कुणी आग्रह करू नका. तो हात तिच्यासाठी आहे.

अध्यक्ष बाईंनी मला हवा तेवढा वेळ दिला, पाहुण्यांनी घड्याळाकडे न बघता ऐकून घेतलं, भाचीनं आपल्या घरातलं दुःख माझ्यावर विश्वासानं सोपवलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. काटेवाले, तुमच्या परवानगीशिवाय बरंच बोलले. कुठे शब्द वेडावाकडा गेला असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर पोटात घाला. नमस्कार.