शीत कटिबंधाचा सराव

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती दादा, गेल्या मंगळवारी. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण इकडे अकरा दहा झाले की तिकडे सहा चाळीस होतात आणि ह्यांचा फोन येतो. नेमक्या त्याच वेळी समोरच्या काकू वाटी घेऊन आत आल्या, दार न वाजवता, आणि त्यांनी काय बघितलं? फ्रिज सताड उघडा, समोर चटईवर आमची चिमी, अंगात तीन स्वेटर, डोक्याला कानटोपी, आणि मी फोनवर वेळ लावून उभी. झालं. वाटी तिथेच ठेवून त्या गेल्या, आणि बाराच्या आत अख्ख्या जिन्याला कळलं की तिसऱ्या मजल्यावरची बाई पोर फ्रिजमध्ये ठेवते. तुम्हालाही खाली सांगितलं असेलच — नाही? मग आल्या आल्या आधी बर्फाच्या खणात का डोकावलात? असू दे, बघा, फ्रिज दुरुस्त करणाऱ्याचं कामच आहे ते.

मध्ये नव्हती हो, समोर होती. मी काय वेडी आहे? तर त्याचं असं आहे — रविवारी आमचं विमान आहे. माझं आणि चिमीचं. हे दीड वर्ष झालं तिकडे आहेत, एका इस्पितळाच्या धोबीखान्यात, चादरी धुतात. आत एवढी वाफ की बनियनवर काम करायचं आणि बाहेर पडलं की उणे बारा. उणे बारा म्हणजे किती ते मला कळेना. सातवीच्या भूगोलात शीत कटिबंधाचा धडा होता, पण तेव्हाच मला कांजिण्या आल्या आणि वर्ग पुढे उष्ण कटिबंधात गेला — तो काय, तो मला घरबसल्या येतो, हा बघा पंखा पाचावर आहे तरी पाठ भिजलीये. मग मी ह्यांना विचारलं, आपल्या फ्रिजमध्ये किती असतं? म्हणाले, चार. म्हणजे बघा, तिकडचा माणूस आपल्या फ्रिजमध्ये येऊन बसला तर त्याला ऊब वाटेल. आणि माझी दहा महिन्यांची पोर, जिला पंख्याखाली सर्दी होते, ती तिथे नेऊन सोडायची? तर म्हटलं सराव करू. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, मग तीन. डॉक्टरांना विचारलं नाही, खरं आहे, पण डॉक्टरांनी तरी कुठे उणे बारा बघितलंय.

तो बर्फ एवढा साचलाय तो त्यामुळेच का? दार उघडं राहिल्याने? हं. मला वाटलंच.

आणि थंडीचं एक वेळ जाऊ दे हो. ह्यांचं बोलणं ऐकाल तर — तिकडे म्हणे कोणी कोणाच्या घरी न कळवता जात नाही, भावाकडेसुद्धा आठ दिवस आधी विचारायचं. बस सात बावीसची म्हटली की सात बावीसला येते, आणि स्टॉपवर दहा माणसं असली तर दहाही गप्प. ह्यांनी पहिल्याच दिवशी शेजारच्याला विचारलं, कुठे उतरणार? तो बिचारा दुसऱ्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. कचऱ्याचे पाच डबे. पोरं वेगळ्या खोलीत निजवतात, अंधारात, एकटी. आणि दुपारी तीनला दिवस मावळतो, मग माणसं करतात काय? मेणबत्ती लावून हवामानावर बोलतात. माझी नणंद तिसऱ्याच देशात आहे, वाळवंटात, ती सांगते तिच्याकडे उलटं — उन्हाने रस्त्यावर चिटपाखरू नसतं, सगळे एसीच्या थंड खोलीतून थंड गाडीत, गाडीतून थंड दुकानात. आणि दुकानात स्वेटर घालून फिरायचं. म्हणजे बघा, बाहेर भट्टी तिथेही स्वेटर, बाहेर बर्फ तिथे धोबीखान्यात बनियन. कुणालाच आपली हवा पुरत नाही. एक आपणच तेवढे, आहे त्या हवेत घाम पुसत बसलेलो.

काकूंसारखं दार न वाजवता तिकडे कोणी येणार नाही, हे ऐकून मंगळवारी मला फार बरं वाटलं होतं. बुधवारी नाही वाटलं. दिवसभर कोणी आलंच नाही ना, घाबरून. दार उघडं ठेवून बसले, तरी नाही.

खरी पंचाईत सासूबाईंची आहे. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात, त्यांच्या कानावर गेलंच. म्हणाल्या, पोर माझ्याकडे ठेव, तू एकटी जा, उन्हाळ्यात बघू. ह्यांनाही फोन केला. आणि हे म्हणतात, आई म्हणते ते बरोबर असेल. असेल! जन्मल्यापासून ह्यांनी तिला एकदाही उचललेलं नाही, ती फोनच्या काचेला बाबा म्हणते, आणि आता आणखी सहा महिने? आणि मी तिला टाकून जाईन? आज त्या तिला न्यायला येणार आहेत. म्हणून तुम्हाला सकाळीच बोलावलं. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने सांगितलं की बिघाड दाराच्या रबराचा होता, दार आपोआप उघडं राहायचं, तर —

रबर चांगलंय? बरं.

आता काय लपवायचं. दोन मिनिटं तिची असायची दादा, बाकीचा अर्धा तास माझा. ती झोपली की मी डोकं आत घालून बसायचे, आणि तिकडच्या भाषेतली वाक्यं म्हणायचे — मी बरी आहे, तुम्ही कशा आहात, माफ करा मला समजलं नाही. फ्रिजची घरघर असते, बाहेर ऐकू जात नाही. माफ करा मला समजलं नाही, हे मला आता छान येतं. चिमीला कसली थंडी, ती आतला दिवा लागला की टाळ्या वाजवते. हुडहुडी भरते ती मला. हे ह्यांना सांगितलेलं नाही, तुम्हीही —

ते काय काढलंत? भाजीच्या खणातून?



मोजा आहे तो. चिमीचा. हो, एकदा ठेवले होते पाय आत, एकदाच, मी धरूनच होते, कोथिंबीर बाजूला केली होती. सासूबाईंनी विणलेत ते, दुपदरी लोकरीचे, चार दिवस दुसरा शोधत होते. हात लावून बघा, वरून गारठलाय ना? आत बोट घाला. ऊब आहे की नाही? तेव्हाही तिचे पाय असेच होते, भाकरीसारखे गरम.

थांबा, पसारा मी आवरते, तुम्ही निघा. खाली जिन्याशी निळी पिशवी घेऊन एक बाई टेकल्या असतील, गुडघ्यांमुळे दर मजल्याला बसतात, त्या सासूबाई. रबराचं काही बोलू नका. हा मोजा त्यांच्या हातात द्या, आणि म्हणावं, तुमच्या सुनेने तुमचं विणकाम चार अंशांत तपासलंय, थंडी आत शिरत नाही — उणे बारासाठी आणखी दोन जोड लागतील, शनिवारपर्यंत. एक लहान. एक माझ्या मापाचा.