चार नंबरचे इंजिन कोणी नेले

जबाब
शनिवार, १४ सप्टेंबर. सायंकाळी ५ वाजून १० मिनिटे.

नाव : रॉबर्टा लिंडक्विस्ट
वय : ६९ वर्षे
धंदा : निवृत्त. पूर्वी शाळेच्या बसगाड्यांची मेकॅनिक
राहणार : मिल रोड, आल्डर फोर्क, ऑरेगन

मी शेरीफच्या ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. आल्डर फोर्क लहान रेल्वे मंडळाची मी बावीस वर्षे सभासद आहे. गेली नऊ वर्षे मंडळाची बॉयलर तपासनीस आहे. माझी सही असल्याशिवाय मंडळात कोणाचेही वाफेचे इंजिन रुळावर येत नाही. इंजिन चालवण्याचे कार्ड मी देते. चूक झाली तर ते मीच काढून घेते.

चोरीला गेले म्हणून मी आज दुपारी कळवले ते इंजिन माझे आहे. नंबर चार. ते मी घरामागच्या शेडमध्ये सतरा वर्षांत बांधले. मागचा पाण्याचा डबा, म्हणजे टेंडर, धरून लांबी दहा फूट, वजन तेराशे पौंड, रंग काळा. साडेसात इंच रुंदीच्या रुळावर चालते. चालवणारा टेंडरवर बसतो.

डेप्युटी नोलन प्रुइट यांनी विचारले की, हे खेळणे आहे काय. मी नाही म्हणाले. मग काय आहे, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की, पूर्वी या डोंगरांतून ओंडके उतरवणारी इंजिने होती, तसे ते आहे, फक्त लहान. उजव्या अंगाला तीन उभे सिलिंडर. त्यांच्याखाली एक लांब दांडा. दांड्यावर दातेचाके, आणि त्यांतून प्रत्येक चाकाला जोर. त्यामुळे ते कुठलाही चढ चढते आणि कधीच वेग घेत नाही. आवाज मात्र भरधाव पळत असल्याचा येतो. डेप्युटी म्हणाले, "माझ्या सासऱ्यांचं असंच आहे." ते जबाबात नको असे मी म्हणाले.

आज मंडळाचा वार्षिक मेळावा होता. दरवर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी फक्त दातेचाकी इंजिने येतात. यंदा अकरा आली. सकाळी साडेसात ते नऊ मी अकराही बॉयलर तपासले. एकाचे वाफेच्या दाबाचे घड्याळ चुकीचे दाखवत होते म्हणून त्याला परत पाठवले. तो काही बोलला ते मी ऐकले नाही असे धरले.

आलेल्यांत श्री. ऑरिन टीग, वय ७३, हे होते. ते गिरणीत करवती परजण्याचे काम करत असत. त्यांचे इंजिन नऊ नंबरचे. मी ते तपासले. सर्व काही चोख होते. मी सही केली. आम्ही बोललो नाही. सहा वर्षे आम्ही बोलत नाही.

डेप्युटींनी कारण विचारले. त्याचा चोरीशी संबंध नाही असे मी म्हणाले. ते म्हणाले, "संबंध मी बघतो. तुम्ही सांगा."

सहा वर्षांपूर्वी याच मेळाव्यात श्री. टीग आपला तापलेला बॉयलर सोडून चार मिनिटे बाजूला गेले होते. जेवणाच्या टेबलावर हकलबेरी या डोंगरी फळाची पाई आली होती, तिचा तुकडा आणायला. तापलेल्या बॉयलरपाशी सतत माणूस पाहिजे हा मंडळाचा पहिला नियम आहे. मी त्यांचे कार्ड एक वर्षासाठी काढून घेतले. मला सर्व बर्डी म्हणतात. ते म्हणाले, "बर्डी, चार मिनिटं गं!" मी म्हणाले, "बॉयलरला घड्याळ कळत नाही." हे सर्वांसमोर झाले. पाई त्यांची पत्नी डेला हिने केली होती. डेला आणि मी चाळीस वर्षांच्या मैत्रिणी.

वर्ष संपल्यावर श्री. टीग यांनी कार्ड परत घेतले. त्यांनी सही केली आणि ते गेले. डेला या मार्चमध्ये वारली. मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले होते.

आज दुपारी एक वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मी ओंडक्यांचे सात डबे घेऊन एक फेरी पूर्ण केली आणि इंजिन दोन नंबरच्या बाजूच्या मार्गावर उभे केले. हाताचा ब्रेक लावला. त्यानंतर मी थोडा वेळ बाजूला गेले. दोन वाजून नऊ मिनिटांनी परत आले तेव्हा इंजिन नव्हते. डबेही नव्हते. रूळ होते.

जवळच्या बाकांवर चौदा माणसे जेवत होती. त्यांना विचारले. त्यांनी सांगितले की, पट्ट्यापट्ट्यांची टोपी आणि पांढरी दाढी असलेला माणूस इंजिन घेऊन गेला. या वर्णनाचे नऊ पुरुष मेळाव्यात होते. गेल्या महिन्यात शेजारच्या खोऱ्यात एकाचे इंजिन ट्रेलरसकट चोरीला गेले आहे. म्हणून दोन वाजून बारा मिनिटांनी मी ठाण्यात फोन केला. फोनवरील मुलीशी झालेले बोलणे असे :

"माझं इंजिन चोरीला गेलंय."

"गाडीचं इंजिन का, बाई?"

"रेल्वेचं."

"बरं. कुठल्या दिशेने गेलं?"

"रुळाच्या."

"वेग साधारण किती होता?"

"तीन मैल."

"मिनिटाला?"

"तासाला."

तिने पत्ता विचारला. मग "माणूस पाठवते" म्हणाली.

डेप्युटी प्रुइट दोन एकतीसला आले. ते वहीत लिहीत असताना झाडीतून शिट्टी ऐकू आली. दोन लांब, एक आखूड, एक लांब. फाटकापाशी अशीच द्यायची असते. ती माझ्या इंजिनाची आहे असे मी सांगितले. कशावरून, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की, ती शिट्टी मी कानसून तीन वेळा बिघडवली आणि चौथ्यांदा जमवली.

रुळाच्या कडेने जंगलखात्याचा रस्ता जातो. डेप्युटींनी मला गाडीत घेतले, वरचा दिवा लावला आणि पाठलाग सुरू केला. थोड्याच अंतरावर आम्ही इंजिनाच्या पुढे गेलो. डेप्युटींनी गाडी मागे घेतली. ती पुन्हा पुढे गेली. गाडी इतकी हळू चालत नाही असे म्हणून त्यांनी ती उभी केली आणि आम्ही पायी निघालो.

अस्वलाच्या चढावर आम्ही इंजिन गाठले. हा चढ शंभर फुटांना सहा फुटांचा आहे. इंजिनावर ऑरिन टीग बसले होते. मागे सातही डबे होते. डेप्युटी इंजिनाच्या बरोबरीने चालू लागले. त्यांचे आणि ऑरिनचे बोलणे असे झाले :

"थांबवा ते!"

"चढावर नाही थांबवत. वर सपाटी आहे, तिथं थांबवतो."

"मी पोलीस आहे."

"दिसतंय की. चढ दिसतोय ना तुम्हाला?"

"आजोबा, तुम्ही अटकेत आहात."

"असू दे. जरा रुळापासून लांब चाला, दांड्यात विजार अडकेल."

डेप्युटी नऊ मिनिटे बरोबरीने चालले. हा मजकूर गाळता येईल का, असे त्यांनी आता विचारले. घडले ते घडले, असे मी सांगितले.

मी ऑरिनला म्हणाले, "सातही डबे एकदम? हा चढ अर्धे अर्धे नेऊन चढतात."

सहा वर्षांत मी त्याच्याशी बोललेले हे पहिले वाक्य.

तो म्हणाला, "तू चढतेस अर्धे अर्धे."

वर पोचल्यावर त्याने इंजिन उभे केले, ब्रेक लावला, चाकाखाली लाकूड सारले आणि दोन्ही हात डेप्युटींपुढे धरले. म्हणाला, "घाला बेड्या. पण आधी कोणीतरी इथं बसा. बॉयलर तापलाय." मी बसले. बॉयलरमधले पाणी दाखवणाऱ्या काचेत पाहिले. अर्धी काच भरलेली होती. ऑरिनने माझ्याकडे पाहिले. डेप्युटींनी त्याला विचारले की, इंजिन तू का नेलेस. तो म्हणाला, "मी नेलं एवढं खरं. बाकी मालकिणीला विचारा." डेप्युटींनी मला विचारले. मी म्हणाले की, मला विचारून नेलेले नाही. डेप्युटी म्हणाले की, मग ही चोरी आहे, आणि एवढ्या किमतीच्या वस्तूची म्हणजे तुरुंगाची.

मी पुन्हा काचेत पाहिले.

इंजिन खाली आणणे भाग होते. ऑरिनने चालवले. आरोपी पळू नये म्हणून डेप्युटी पहिल्या डब्यावर, ओंडक्यांवर बसले. उतारावर एकदा शिट्टी वाजली ती ऑरिनने वाजवलेली नाही. शिट्टीची दोरी पहिल्या डब्यापर्यंत पोचते.

आग काढून बॉयलर थंड होईपर्यंत मी ठाण्यात येणार नाही असे सांगितले. डेप्युटींना दीड तास थांबावे लागले. त्या वेळात ऑरिनने दातेचाकांना तेल घातले. तेलाचा डबा मी धरला.

आता डेप्युटींनी मला सरळ प्रश्न विचारला आहे की, ऑरिन टीग यांना इंजिन नेण्याची माझी परवानगी होती किंवा कसे. टीग बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना कॉफी दिली आहे.

यावर मी सांगते की, वर "थोडा वेळ बाजूला गेले" असे लिहिले आहे ते दुरुस्त करावे. मी अकरा मिनिटे गेले होते. बॉयलर तापलेला होता. मी कोणालाही बसवून गेले नव्हते.

मी जेवणाच्या टेबलापाशी गेले होते. तिथे हकलबेरीची पाई होती. सहा वर्षे त्या टेबलावर ती आली नव्हती. यंदा ऑरिनने डेलाच्या हातचा कृतीचा कागद समोर ठेवून स्वतः केली, असे मला कोणीतरी सांगितले. वरची पोळी करपली होती. साखर कमी होती. डेलाही कमीच घालत असे. मी एक तुकडा खाल्ला. नंतर आणखी एक खाल्ला. तो उभ्याने खाल्ला नाही. बसून खाल्ला.

इंजिन उभे करताना काचेत पाणी कमी आहे हे मला माहीत होते. वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारी तोटी चालत नव्हती, कारण टेंडरमधले पाणी उन्हाने कोमट झाले होते. कोमट पाणी ती घेत नाही. आल्यावर बघू असे मी मनात म्हणाले. असे म्हणणाऱ्या चार जणांची कार्डे मी काढून घेतली आहेत.

काचेत एक बोट पाणी उरले असावे. ते संपले असते तर भट्टीचा माथा उघडा पडला असता. मग बॉयलर कसा फुटतो ते मी नव्या सभासदांना चित्र काढून दाखवते. बाकांवर चौदा माणसे होती.

ऑरिनपुढे दोन मार्ग होते. एक, आग खाली पाडायची. तसे केले असते तर पाडलेली आग सर्वांनी पाहिली असती, आणि ती कोणाच्या इंजिनाची हेही. दुसरा, चाकावर चालणारा पंप. तो पाणी भरतो, पण चाके फिरली तरच. मागे दुसरे इंजिन उभे होते. पुढचा सिग्नल हिरवा होता. आमचा मार्ग एकाच दिशेचा आहे, त्यामुळे पूर्ण फेरी केल्याशिवाय परत येता येत नाही. डबे सोडवायला वेळ नव्हता. ऑरिनने पाणी भरण्यासाठी इंजिन नेले. हे त्याने कोणाला सांगितले नाही. डेप्युटींनाही नाही.

परवानगीबाबत. मंडळाच्या पहिल्या नियमाला एक पोटनियम आहे. तापलेल्या बॉयलरपाशी माणूस नसेल तर जवळच्या कार्डधारकाने ताबा घ्यावा, पाणी राखावे, आणि मालकाची परवानगी आहे असे समजावे. हा पोटनियम मी सहा वर्षांपूर्वी ऑरिनचे कार्ड काढल्यानंतरच्या आठवड्यात लिहिला. त्याखाली माझी सही आहे. म्हणजे परवानगी होती. माझीच होती, लेखी होती. चोरी झालेली नाही. माझी तक्रार मी मागे घेते.

त्याच नियमाप्रमाणे माझे कार्ड एक वर्षासाठी जमा होते. ते मी डेप्युटींच्या टेबलावर ठेवले. ठाण्याला ते घेता येत नाही असे ते म्हणाले. ते कोण घेते, असे त्यांनी विचारले. तपासनीस घेते, असे मी म्हणाले. "म्हणजे तुम्हीच," असे ते म्हणाले. तपासनीस दोषी असेल तर सर्वांत जुन्या सभासदाने घ्यायचे असते, आणि तो ऑरिन आहे. डेप्युटींनी दार उघडून ऑरिनला बोलावले.

ऑरिनने कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिले. म्हणाला, "मला चार मिनिटांना एक वर्ष. अकरा मिनिटांना किती गं, तपासनीसबाई?"

मी म्हणाले, "नियमात मिनिटं नाहीत."

"तेच मी तेव्हा म्हणत होतो."

"तेव्हा तू ओरडत होतास."

त्याने कार्ड खिशात घातले. मग विचारले की, वर्षभर इंजिन बंद ठेवलेस तर नळ्या गंजतील, त्याचे काय. मी म्हणाले की, चालवणारा कोणी मिळाला तर मी मागच्या डब्यावर बसेन. तो म्हणाला, "बस. पण अर्धे अर्धे मी चढणार नाही." मी म्हणाले की, पाणी बघत जा म्हणजे झाले. तो बाहेर बाकावर जाऊन बसला. त्याला घरी जाण्यास मोकळीक आहे असे डेप्युटींनी सांगितले. त्याची गाडी मेळाव्याच्या जागी आहे, म्हणून तो माझ्यासाठी थांबला आहे.

वरील मजकूर डेप्युटी प्रुइट यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे असल्याने तो बाहेरही ऐकू गेला. "वरची पोळी करपली होती" या शब्दांना ऑरिन टीग यांनी बाहेरून हरकत घेतली. हरकत नोंदवून घेतली आहे. शब्द तसेच ठेवले आहेत. सर्व मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे.

सही
रॉबर्टा लिंडक्विस्ट