शेटची विलायती मोटार अन् माह्ये बूट

गाड्यांच्या स्पीडचं तुम्ही मले काय सांगता, माह्या लग्नातलं ऐका. खामगावच्या जिनिंगवाल्या शेटनं नवरदेव चिखलीले न्यासाठी आपली विलायती मोटार देली. चार दरवाजे, आत लाल गालिचा, दिसाले एकदम गरीब गाय. शेटच्या फाटकापाशी मी चढाले गेलो तं मामानं दंडच धरला. "गालिच्यावर बूट घालून चढतं काय बे? काढ!"

आम्ही मांगं बसलो. डायवर हसला. "मामा, ही दिसते घरगुती, पण इंजिन शर्यतीच्या गाडीचं हाय. धरून बसा."

"शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोडी हाकतो मी. मले काय सांगतं?"

त्यानं पाय दाबला. मी सीटमंधी रुतलो. मामाचा फेटा उडून मांगच्या काचेले आपटला. एका वळणावर तं मी सरळ मामाच्या मांडीवर! मामा देवाचं नावबी विसरले, नुसते "अबे, अबे" करत राह्यले.

चिखलीत मांडवापुढं उतरलो. सासूबाई ओवाळाचं ताट घेऊन आल्या अन् खाली पाहून थबकल्या. "जावईबापू, अनवाणी काऊन?"

माह्ये बूट अन् मामाच्या वहाणा, दोन्ही शेटच्या फाटकापाशीच राह्यल्या होत्या!

डायवर म्हने, "नवरदेवाले परत गाडीत बसू द्या, बाजारातून मापाचे बूट घेऊन आत्ता येतो."

मामानं माह्यं मनगट आवळलं. "अनवाणीच उभा राह्य बे! बुटाबिगर लगन लागते, नवरदेवाबिगर नाही लागत."