कुलूप नसलेलं घर

मंडळी, नमस्कार. वसंतकाका, काकू, आपल्या गल्लीतले सगळे, आणि लहानपणी शकुआत्याच्या हातची पानओव्याची चटणी खाल्लेले तुम्ही सगळे. कामं सोडून आलात. मला बोलायला सांगितलंय. मी शाळेत रोज पोरांपुढे तास तास बोलते, पण आज जीभ उचलत नाही. तिच्या फोटोकडे बघून तर नाहीच. म्हणून तुमच्याकडे बघून बोलते.

माझ्या आधी चौघं बोलले. चौघांनीही आत्याला घराचा खांब म्हटलं. खरंच आहे. पण त्या खांबाला कधी कुणी विचारलं का, की बाई, तुला जरा बसायचंय का?

रागावू नका. मी तिची भाची. बाबा गेल्यावर त्या घरात आम्ही दोघीच होतो. मला जे काही येतं ते तिनं शिकवलेलं. दार वाजलं की आधी 'आले' म्हणायचं, मग उठायचं. बाहेरच्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही. आणि भांडणात लगेच तोंड उघडायचं नाही. आपण रंगारी. ओलं कापड बघून रंगाला नावं ठेवली तर आजोबा ओरडायचे, वाळू दे आधी. आत्यानं तेच भांडणाला लावलं. मी तणतणत आले की म्हणायची, "उद्या बोल गं. आता सुम्ने बैस, गप." दुसऱ्या दिवशी बोलण्यासारखं काही उरायचंच नाही.

आणि एक शिकवण तिनं बोलून कधी दिली नाही. घर एकटं सोडायचं नाही.

तुम्हाला ती गोष्ट ठाऊक आहे, पण ही समोर बसलेली पोरं आहेत ना, त्यांच्यासाठी सांगते. आपल्या परसात निळीचा रांजण होता. तो सकाळ-संध्याकाळ ढवळावा लागायचा, नाहीतर नासायचा. एकदा पणजोबा सगळ्यांना घेऊन लग्नाला गेले. चार दिवसांनी येऊन बघतात तर रांजण नासलेला, सणाचं सगळं काम वाया. तेव्हापासून ठरलं, घरात एक माणूस हवंच. पुढे रंगाचं काम बंद पडलं. रांजणात आत्यानं माती भरून पानओवा लावला. माणूस मात्र घरात हवंच राहिलं. आणि ते माणूस म्हणजे आत्या.

दसऱ्याला अख्खं म्हैसूर बन्नीमंटपच्या मैदानावर मशालींचा खेळ बघायला लोटायचं. आपल्या घरापासून चालत दहा मिनिटं. आपण सगळे नटून निघायचो. कुणीतरी दारात थबकून विचारायचं, "घरात कोण हाय?" आणि आतून आवाज यायचा, "मी हाय की. जावा, जावा." दरवर्षी. ती कधी गेली नाही. माझ्या चुलत बहिणींच्या लग्नांना नाही, काका, तुमच्या घरभरणीला नाही. आणि आपल्याला कधी वाईट वाटलं का? खरं सांगा. मला नाही वाटलं. मला बरं वाटायचं, की माझी पाळी नाही.

मग माझी पाळी आली. आत्याचे गुडघे गेले, तिला एकटीला ठेवायचं कसं? सरगूरच्या शाळेनं मला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं. तिथंच राहायचं होतं. दोनदा बोलावलं, दोनदा मी नाही म्हटलं. आत्यानं कारण विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दोघी एकाच घरात, एकमेकींना राखत बसलो. मी तिच्यावर चिडायचे, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. मनातल्या मनात. तिला ते कळत होतं, याची आता मला खात्री आहे.

शेवटी ती नऊ दिवस दवाखान्यात होती. रोज विचारायची, "घरात कोण हाय?" मी सांगायचे, शेजारच्या काकू आहेत. काका, तुम्हालाही मी तेच सांगितलं. खोटं होतं ते. घरात कुणी नव्हतं. आणि कुलूप लावायचं तर आपल्या घरात कुलूपच नाही! जे घर कधी बंदच केलं नाही, त्याला कुलूप कशाला कोण घेईल? मी कडीला सुतळी बांधून जात होते.

सातव्या दिवशी संध्याकाळी तिनं माझा हात धरला. "खरं सांग." मी सांगून टाकलं. कुणी नाही आत्या. सात दिवस सुतळी बांधलीय.

मला वाटलं, आता बोलणी बसणार.

ती म्हणाली, "मग? काय झालं घराला?"

मी म्हटलं, काही नाही.

"काहीच नाही झालं?"

काहीच नाही, आत्या.

तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी हाक मारली, तर म्हणाली, "उद्या बोलू." बस. मंडळी, बहात्तर वर्षांच्या बाईला मी त्या संध्याकाळी हे सांगायला हवं होतं का? मला अजून कळत नाही. खोटंच बोलत राहिले असते तर ती सुखानं गेली असती का? रोज हाच विचार डोक्यात येतो.

पण तिनं म्हटल्याप्रमाणे ती दुसऱ्या दिवशी बोलली. सकाळी, चहाचा घोट घेऊन. "सुमे, कुलूप घे. पितळेचं घे, चांगलं जड." एवढंच. पुढच्या दिवशी ती गेली.

आज इथं आले तर काकांनी हॉलच्या दारातच जवळ घेतलं. म्हणाले, "आता तू हायस, घराची काळजी नाही." प्रेमानं म्हणाले. आणि लगेच दुसरं वाक्य, "घरात कोण हाय?" मी उत्तर न देता आत आले. उत्तर आता देते, काका.

घरात कुणी नाही. कुलूप लावून आलेय.

ही बघा किल्ली. मघापासून मुठीत आहे. इथं उभी आहे आणि अर्धं लक्ष त्या दाराकडे आहे. गॅस बंद केला का, मागची कडी लावली का. मी काही सुटले-बिटले नाही. सरगूरहून तिसऱ्यांदा पत्र आलंय. सोमवारी कळवायचंय. मी हो म्हणणार आहे. हे तुमच्यासमोर बोलतेय, कारण घरी जाऊन त्या उंबऱ्यावर बसले तर मी पुन्हा नाही म्हणेन. मला माझी खात्री नाही. तुम्ही ऐकलंत, आता तुम्ही लक्षात ठेवा.

कुलपाला दोन किल्ल्या आहेत. दुसरी मी आत्याच्या फोटोपुढे ठेवते. तिचीच आहे ती.

आता दोन मिनिटं उभे राहूया, न बोलता. घरात कोण आहे, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही येईल. येऊ दे. आज आतून उत्तर येणार नाही.