हँडलचं क्रोम

प्लेटिंगच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. त्यांनी मोटारसायकलचं हँडल काउंटरवर ठेवलं.

“याचं क्रोम उतरवून काळा रंग द्या.”

“आजी, लोक इथे चमक चढवायला येतात,” दुकानदार म्हणाला.

“उन्हात डोळ्यांवर येते हो ती. समोरचं दिसत नाही.”

“रंग नुसता वरून मारू?”

“घरी मारून पाहिला. पापुद्रे निघाले.”

“मग रसायनाच्या टाकीत घालून क्रोम काढावंच लागेल. आजोबांची गाडी का?”

“त्यांचीच. आता त्यांना दिसत नाही, म्हणून मी शिकले. ते मागे बसून रस्ता सांगतात.”

“न दिसता?”

“दिसत होतं तेव्हा तरी कुठे बरोबर सांगायचे?”

“आणि तुम्ही ऐकता?”

“‘हो’ म्हणते आणि हवं तिकडे वळते. उद्या मिळेल ना? गाडी बंद झाल्यापासून अगदी हिरमुसून बसलेत.”